गंगाराम चुरींच्या पडवीतला दिवा

"माझ्या वडिलांना कुणी मारलं ते शोधू नका," जागृती राऊत म्हणाली. "आमच्या बाईंनी मारलेलं नाही, एवढं दाखवून द्या."

वसुंधरा साबळेने हातातलं पेन खाली ठेवलं. माणिकपूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत लोक बहुधा होणाऱ्या जावयाची चौकशी करून घ्यायला येत. विमा कंपनीत अकरा वर्षं दाव्यांची तपासणी केल्यावर तिने हा खाजगी तपासाचा स्वतःचा उद्योग थाटला होता. सोबतीला निवृत्त पोस्टमास्तर सॅन्टन तुस्कानो होते. वसईतलं प्रत्येक घर त्यांना पत्त्यासकट ठाऊक होतं. घरात काय चाललंय ते मात्र त्यांच्या सहसा लक्षात येत नसे.

"बाई म्हणजे कोण?"

"चंद्रकांता. अर्नाळ्याची आहे. नऊ वर्षं बाबांचं सगळं तीच बघत होती. सहा दिवस झाले, कोठडीत आहे."

जागृती आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायची. तिचे वडील गंगाराम चुरी, वय चौऱ्याहत्तर, वटारच्या घरात एकटेच असत. गेल्या गुरुवारी सकाळी चंद्रकांता दोन दिवसांची रजा संपवून कामावर आली, तेव्हा ते माजघरात जमिनीवर मरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. झटापटीची खूण नाही. सोमवारी कधीतरी ते पडले आणि जवळजवळ तीन दिवस पाण्याविना पडून राहिले, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

"हा तर अपघात वाटतो," सॅन्टन म्हणाले.

"दिवा नसता तर पोलिसांनीही तेच म्हटलं असतं," जागृती म्हणाली. "आई गेल्यापासून बाबांचं आणि शेजारच्या बेटीबाईंचं ठरलेलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास बाबा पडवीतला दिवा लावणार. साडेसातपर्यंत लागला नाही, तर काहीतरी बिनसलंय असं समजून बेटीबाई हालचाल करणार. बाबा पडले सोमवारी. पण दिवा सोमवारी लागला, मंगळवारी लागला, बुधवारीही लागला."

"आणि पडलेल्या माणसाला उठून बटण दाबता येत नाही," वसुंधरा म्हणाली.

"म्हणून पोलिस म्हणतात की घरात कुणीतरी होतं. बाबा तडफडत असताना त्यांना ओलांडून जाऊन रोज दिवा लावत होतं, बेटीबाई येऊ नयेत म्हणून. बाहेरच्या माणसांपैकी किल्ली फक्त चंद्रकांताकडे होती. आणि रविवारी रजेवरून बाबांचं तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं."

"तुम्हाला ते पटत नाही."

"माझं बाळंतपण तिने केलंय," जागृती म्हणाली.

---

बेटी लोपीस यांचं घर चुरींच्या केळीच्या बागेपलीकडे होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवी सरळ दिसत होती. बेटीबाई सत्तरीच्या होत्या. गुडघे बांधलेले, हातात जपमाळ. त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांची नजर खिडकीकडे जात नव्हती.

"सोमवारी सात पस्तीस झाले तरी अंधार. मी लगेच त्यांच्या मुलाला, विपुलला, पुण्याला फोन लावला. मला चालवत नाही ना. पोरं म्हणाली होती, आधी फोन करा. तो म्हणाला, काकी, तुम्ही थांबा, मी बघतो."

"मग?"

"पाच मिनिटांत गंगारामभाऊंकडे घंटी वाजायला लागली. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून विपुलने पडवीत मोठी घंटी बसवलीय फोनला, अख्ख्या आळीला ऐकू जाते. सात-आठ वेळा वाजली आणि थांबली. म्हटलं, उचलला बाबा! मी देवाचे आभार मानले, आणि मान वर करते तर दिवा लागलेला."

"लगेच?"

"लगेच."

"मंगळवारी?"

"मंगळवारी मी फोन केलाच नाही. सात वाजून थोडा वेळ झाला असेल, आपणच घंटी वाजली, थांबली आणि दिवा लागला. बुधवारी तर फोनसुद्धा नाही. चर्चची सातची घंटा पडली आणि त्याच क्षणाला दिवा. मी मनात म्हटलं, भाऊ सुधारले."

"रात्री दिवा कधी बंद व्हायचा?"

"आता भारनियमन आहे ना, रोज आठ ते साडेनऊ वीज जाते. रविवारी वीज आली तसा त्यांचा दिवाही परत लागला, दहापर्यंत होता. पुढचे तिन्ही दिवस वीज आल्यावर माझं घर लख्ख, त्यांची पडवी काळोखात. म्हटलं, लवकर झोपत असतील." त्यांनी माळ घट्ट धरली. "मी चालत गेले असते तर दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटं फक्त."

वसुंधराने खिडकीतून पडवीकडे एकदा पाहून घेतलं. 

---

कोठडीच्या गजांमागे चंद्रकांता भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही.

"अर्नाळ्याला बहिनीकडं होते. तिला ताप होता. दुसरं कोन होतं तिथं? मी नि ती. पोलिस म्हनतात, बहीन तुझ्याच बाजूनं बोलनार."

"भांडण कशावरून झालं?"

"जाऊ नको म्हनाले. म्हातारं मानूस, घाबरतं एकटं. मला काय राग नाय त्याचा. सोमवारी दुपारी निघाले तेव्हा बरे होते. चार वाजताचा चहा थर्मासात भरून ठेवला, रातचं जेवन ताटात झाकून ठेवलं. उद्यापासून माझी खिचडी मी टाकीन म्हनाले."

"गुरुवारी तू घरात शिरलीस तेव्हा काय काय पाहिलंस? आठवून सांग."

चंद्रकांताने डोळे मिटले. "मालक माजघरात उंबऱ्याजवळ. तोंड पडवीच्या दाराकडं. स्वैपाकघरातनं तिथवर घसटत आले होते, लादीवर धुळीत पट्टा उठला होता. काठी ओट्यापाशीच पडली होती. ताट तसंच झाकलेलं, मुंग्या लागलेल्या. थर्मास उचलला तर भरलेला."

"पूर्ण भरलेला?"

"बूचसुद्धा काढलं नव्हतं, बाय."

बाहेर रस्त्यावर आल्यावर सॅन्टन म्हणाले, "बिचारी. पण वसुंधराबाई, अर्नाळा ते वटार अंतर किती? संध्याकाळी येऊन दिवा लावून परत जाता येतं की."

"येतं," वसुंधरा म्हणाली. "सॅन्टनकाका, तुम्ही चार वाजताचा चहा किती वाजता पिता?"

"चार वाजता. का?"

ती वटारची रिक्षा शोधायला लागली.

---

विपुल चुरी क्रियाकर्मासाठी वटारलाच राहिला होता. वय चौतीस, डोकं भादरलेलं, डोळ्यांखाली काळं. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. बोलायला त्याने नकार दिला नाही. घरात कंप्युटर कशाला, असं विचारल्यावर तर त्याला जरा हुशारी आली.

मागच्या खोलीत इन्व्हर्टरला जोडलेला कंप्युटर होता, शेजारीच टेलिफोन. घरातल्या सहा दिव्यांच्या बटणांपाशी एकेक पांढरी डबी बसवलेली होती.

"प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय. कंप्युटर घरातल्या विजेच्याच तारांमधून डबीला आदेश पाठवतो. कुठला दिवा कधी लागणार, कधी विझणार, याचं वेळापत्रक इथे भरायचं. घर रिकामं असलं तरी बाहेरून माणसं असल्यासारखं दिसतं."

"आणि तुम्ही पुण्यात असलात तर?"

"फोन करायचा. आठ वेळा वाजूनही कुणी उचलला नाही, तर कंप्युटर उचलतो. मग कोड दाबायचा आणि आदेश द्यायचा. वेळापत्रकसुद्धा बदलता येतं. कोड मला माहीत आहे, ताईला एकदा दिला होता."

"मी कधी वापरला नाही," जागृती दारातून म्हणाली.

"पडवीतला दिवाही यावर आहे?"

"डबी आहे, पण बाबांनी तो वेळापत्रकात घालू दिला नाही. म्हणाले, हा माझ्या हाताने लागेल. तो नेहमी भिंतीवरच्या बटणावरच चालायचा." त्याने पडद्यावर नोंदी उघडल्या. "बघा. त्या आठवड्यात पडवीसाठी एकही आदेश नाही. हे मी पोलिसांनाही दाखवलंय."

त्याने दिवाणखान्यातला दिवा लावून दाखवला. तेवढ्यात वीज गेली. पाचेक मिनिटांत ती परत आली, तशी स्वयंपाकघरातली ट्यूब लुकलुकून लागली, पंखा फिरू लागला. दिवाणखान्यातला दिवा विझलेलाच राहिला. विपुलने चडफडत पुन्हा कळ दाबली तेव्हा तो लागला.

"उत्तम सोय आहे," सॅन्टन मनापासून म्हणाले.

"सोमवारी तुम्ही वडिलांशी बोललात?" वसुंधराने विचारलं.

"हो. बेटीकाकींचा फोन आला म्हणून. बाबांनी इथूनच उचलला. डोळा लागला होता म्हणाले. पाचेक मिनिटं बोललो, मग त्यांनी जाऊन दिवा लावला."

"मंगळवारी?"

"मंगळवारी... मंगळवारी कुणी उचलला नाही. मी ठेवून दिला."

मागच्या खोलीपासून पडवीपर्यंत वसुंधरा काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या चालीने चालून आली. मनगटावरच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना चुरींच्या माजघरात बोलावलं. जागृती आणि विपुल चटईवर बसले. बेटीबाईंना सॅन्टननी रिक्षातून आणलं. तपासावरचे फौजदार दाराशी उभे राहिले. उन्हाने पडवी तापली होती.

"पोलिसांचा सगळा तर्क एका गोष्टीवर उभा आहे," वसुंधराने सुरुवात केली. "दिवा लागला म्हणजे घरात कुणीतरी होतं. आधी तेच तपासू. हा दिवा दोन प्रकारांनी लागतो. भिंतीवरच्या बटणाने किंवा डबीला दिलेल्या आदेशाने. बटण चालू असताना वीज गेली आणि आली, तर दिवा आपोआप लागतो. डबीचं तसं नाही. वीज गेली की तिला मिळालेला आदेश पुसला जातो, पुन्हा द्यावा लागतो. काल दिवाणखान्यात आम्ही चौघांनी ते पाहिलं."

सॅन्टननी कपाळावर हात मारला.

"रविवारी गंगारामकाकांनी स्वतः बटण दाबलं होतं. वीज आल्यावर दिवा परत लागला. सोमवार, मंगळवार, बुधवार वीज आली तरी पडवी अंधारात राहिली. तिन्ही दिवस दिवा बटणाने लागलेला नव्हता."

"अंधारात कुणी बटण बंद केलं असेल," फौजदार म्हणाले.

"एखाद्या दिवशी म्हणाल तर मानीन. बेटीबाईंना फसवायला दिवा लावणारा माणूस तिन्ही दिवस आठ वाजता तो कशाला बंद करील? शिवाय सोमवारी आणि मंगळवारी दिव्याआधी फोनची घंटी वाजली. सात-आठ वेळा वाजून थांबली आणि लगेच दिवा लागला. बेटीबाईंना वाटलं, भाऊंनी फोन उचलला. आठव्या घंटीला फोन कोण उचलतं, ते काल विपुलनेच सांगितलं."

विपुल जमिनीकडे बघत होता.

"मी सोमवारी बाबांशी बोललो," तो म्हणाला.

"पाच मिनिटं बोललात, मग ते चालत पडवीत आले. नुसतं यायलाच मिनिटाच्या वर लागतं. बेटीबाईंनी घंटी थांबल्यावर मान वर केली, एवढ्यात दिवा लागलेला होता." वसुंधराचा आवाज चढला नव्हता. "आणि चार वाजताचा चहा थर्मासमध्ये तसाच होता. बूचही काढलेलं नव्हतं. काका दुपारी, चारच्या आधीच पडले होते. काठी ओट्यापाशी पडली होती. सात चाळीसला मागच्या खोलीत जाऊन फोन घेणं त्यांना शक्यच नव्हतं."

फौजदारांनी खिशातून वही काढली.

"कोड जागृतीलाही माहीत होता, म्हणून मी तिचाही विचार केला. पण दिवा लागलेला नाही हे सोमवारी बेटीबाईंनी एकालाच कळवलं. आणि पाच मिनिटांनी आलेला तो फोन आपला होता, हे विपुलने स्वतःच कबूल केलंय."

"नोंदी?" फौजदारांनी विचारलं.

"प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला नोंदी पुसायला किती वेळ लागतो? विपुल, सोमवारी तुम्ही पाच मिनिटांत फोन केलात. मंगळवारी बेटीबाईंचा फोन यायच्या आधीच करून टाकलात. त्याच फोनवर रोज सातची वेळ भरलीत, म्हणून बुधवारी फोनही करावा लागला नाही. दिवा चर्चच्या घंटेबरोबर लागला. गुरुवारी इथे आल्यावर सगळं पुसलंत."

विपुलने गुडघे जवळ घेतले. बोलायला लागला तेव्हा कुणाकडे बघत नव्हता.

"आमचं मोठं काम त्या आठवड्यात परदेशी कंपनीला दाखवायचं होतं. सोमवारी काकींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो. इथे फोन लावला, कुणी उचलला नाही. बाबा नेहमीसारखे बागेत असतील, ऐकू आलं नसेल, असं वाटलं. मशीनने उचलला होताच. मी दिवा लावला, म्हणजे काकींना घोर नको. शपथेवर सांगतो, एवढंच मनात होतं. मंगळवारीही तेच. ते पडलेत हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

"आणि चंद्रकांताला नेलं तेव्हा?" जागृतीने विचारलं. "तेव्हा तर तुला माहीत होतं."

"तेव्हा सांगितलं असतं तर..." तो थांबला. "ताई, मला वाटलं, पुरावा नाही म्हणून सोडतील तिला."

जागृती उठून उंबऱ्याशी गेली. वडील जिथे सापडले तिथे उभी राहून तिने पडवीच्या दाराकडे पाहिलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. काचेपलीकडे दिवा.

"बाबा घसटत इथपर्यंत आले," ती हळूच म्हणाली. "बटणापर्यंत पोचणार नाही हे त्यांना कळलं असेल. मग ते सात वाजायची वाट बघत राहिले असतील. अंधार झाला की बेटीबाई काहीतरी करतील म्हणून." तिने वसुंधराकडे वळून पाहिलं. "आणि मग त्यांना दिवा लागताना दिसला. हो ना?"

खोटं बोलायची ही वेळ आहे, असं वसुंधराला क्षणभर वाटलं. पण तिला ते जमलं नाही.

"हो," ती म्हणाली.

बेटीबाईंनी तोंडावर पदर घेतला. विपुल उठून बहिणीकडे गेला. तिने एक पाऊल मागे घेतलं, आणि तो तिथेच उभा राहिला.

---

चंद्रकांता दोन दिवसांनी सुटली. विपुलवर पोलिसांना खोटी माहिती दिल्याची नोंद झाली, त्याला जामीनही मिळाला. वडिलांच्या मरणाबद्दल त्याच्यावर कुठलं कलम लावायचं, ते वकिलांना विचारूनही फौजदारांना ठरवता आलं नाही. तो पुण्याला निघून गेला. जागृती त्याचा फोन घेत नव्हती. बेटीबाईंनी खिडकीला जाड पडदा लावून घेतला.

मे महिन्यात वसुंधरा आणि सॅन्टन अर्नाळ्याला गेले. चंद्रकांता किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बहिणीबरोबर बोंबील टांगत होती. ती बारीक झाली होती. जागृती तिला दोनदा कामावर बोलवायला आली होती, पण चंद्रकांता गेली नव्हती. दुसरीकडे काम मागत होती.

"चार घरं फिरले, बाय. कोठडीतनं आलेली बाई कोन घरात घेनार?"

"तू निर्दोष आहेस, हे पोलिसांनी लिहून दिलंय ना?"

"तो कागद त्यांच्याजवळ. तुम्ही द्या ना एक लिहून. तुमच्या शिक्क्याचा."

आपल्या शिक्क्याला काय किंमत आहे, ते वसुंधराला माहीत होतं. तरी तिने पिशवीतून कचेरीचा छापील कागद काढला आणि सॅन्टनच्या पाठीवर ठेवून लिहिला. चंद्रकांताला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. गंगाराम चुरी यांच्या मृत्यूशी हिचा कोणताही संबंध नाही, हिने नऊ वर्षं त्यांची प्रामाणिकपणे सेवा केली.

चंद्रकांताने पूर्ण ऐकून घेतलं. हात लुगड्याला पुसून कागद घेतला.

"ह्यात लिवलंय का, मग मालकांना मारलं कोनी?"

"नाही."

"लोक तेच इचारतात पहिलं. तू नाय तर मग कोन? काय सांगू त्यांना?"

सॅन्टन समुद्राकडे बघू लागले.

"सांग, कुणीच मारलं नाही," वसुंधरा म्हणाली.

चंद्रकांता तिच्याकडे बघत राहिली, समजूतदारपणे, लहान मुलाकडे बघावं तशी.

"असं कोन मानील, बाय?" ती म्हणाली, आणि कागद कमरेला खोचून पुन्हा बोंबील टांगायला लागली.